नफ्याचा मालक : प्रस्तावना

शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. त्याचं आणि आयकर खात्याचं एक भांडण २०१० साली थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. वाद वरवर पाहता अगदी किरकोळ वाटतो. केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान वैधानिक भावापेक्षा कारखान्याने शेतकऱ्यांना उसाचे जास्त पैसे दिले. हा जादा पैसा कारखान्याने खर्च म्हणून लिहिला. खात्याचं म्हणणं असं, की हा खर्च नव्हेच; हंगाम संपल्यावर, हिशेब दिसू लागल्यावर, मालकांनी आपापसांत वाटून घेतलेला नफा आहे आणि नफ्यावर कर लागतो. कारखान्याचं म्हणणं असं, की कच्चा माल घेतला, त्याची किंमत मोजली. जो सभासद नाही त्यालाही तोच भाव दिला. यात नफा आला कुठून?

न्यायालयाने एका बाजूने निकाल दिला नाही. ही रक्कम खरोखर खर्च की नफ्याची वाटणी, हे तपासा, असं सांगून प्रकरण खाली पाठवलं. दोन वर्षांनी कराड तालुक्यातल्या कृष्णा कारखान्याच्या प्रकरणात प्रश्न सवलतीच्या साखरेचा होता. सभासदांना बाजारभावाहून स्वस्त साखर मिळते. ती रूढ प्रथा आहे की नफा वाटण्याची आडवाट? दर महिन्याला किती साखर द्यायची, हे कोणत्या आधारावर ठरतं? देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला दिवाळीच्या साखरेच्या पिशवीत डोकावून पाहावं लागलं, याची मला गंमत वाटते. पण प्रश्न बिनतोड होता. मार्च २०१९मध्ये तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात न्यायालयाने मधला मार्ग काढला : जादा भावात नफ्याचा अंश किती आहे तो काढा, तेवढा वजावटीतून वगळा, बाकीचा खर्च धरा. तोवर संसदेने २०१५च्या वित्त कायद्याने पुढच्या वर्षांपुरता रस्ता मोकळा केला होता. सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या भावापर्यंतची रक्कम खर्च म्हणून मान्य झाली. मागची थकबाकी २०२३च्या अर्थसंकल्पाने निकाली काढली आणि सहकारी कारखान्यांना सुमारे १० हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं.

कराचा प्रश्न सुटला. हिशेबाचा सुटला नाही, आणि हे पुस्तक त्या न सुटलेल्या प्रश्नाविषयी आहे. ऊस तोच, चरक तोच, साखर तीच. तरी कारखान्याला नफा झाला की नाही याचं उत्तर मालक कोण आहे त्याप्रमाणे बदलतं. सहकारी कारखान्याचा मालक हाच त्याचा पुरवठादार. त्याला लाभांशाची आस नाही. त्याची कमाई टनाच्या भावात आहे. म्हणून नफा शून्याच्या आसपास राहिलेला त्याला चालतो, किंबहुना तसाच हवा असतो. हाच कारखाना एखाद्या कंपनीच्या ताब्यात गेला की मालकाची कमाई दुसऱ्या टोकाला जाते. उसाचा भाव त्याच्या खिशातून जाणारा पैसा, आणि नफा खिशात येणारा. आकडे त्या दिशेला कलू लागतात. यात लबाडी असेलच असं नाही. पण कल असतो, आणि तो मालकीतून येतो, एवढं धरून चाललं तर ताळेबंद वाचण्याची रीतच बदलते.

चिंचपाड्यात बसून कंपन्यांच्या मालकीवर पुस्तक कशाला, असं कुणी विचारेल. नवापूर तालुक्यातल्या या गावात शेअर बाजारात नोंदलेली एकही कंपनी नाही. गावाचं नाव बाहेर माहीत आहे ते १९४२पासून चालत आलेल्या ख्रिस्ती दवाखान्यामुळे आणि सुरत-भुसावळ लाइनवरच्या स्टेशनामुळे. पण या भागातला ऊस डोकाऱ्याच्या आदिवासी सहकारी कारखान्याला जातो. शिक्षकाच्या आणि नर्सच्या पगारातून दरमहा म्युच्युअल फंडाचा हप्ता कापला जातो. नव्या पेन्शन योजनेतला पैसा शेअरमध्ये आणि रोख्यांमध्ये गुंतलेला असतो. मावची, भिल्ल, कोकणी घरांतली माणसं आज अशा संस्थांची मालक आहेत, ज्यांचं कार्यालय त्यांनी कधी पाहिलेलं नाही. मालक आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, तो हिशेब कसा मागणार?

शिवाय स्टेशनावरून जाणारी ही लाइनच मालकीच्या एका जुन्या, आता विसरलेल्या तऱ्हेची खूण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती टाकली तापी व्हॅली रेल्वे कंपनीने, आणि त्या कंपनीचे मॅनेजिंग एजंट होते मुंबईचे किलिक निक्सन. शेअर बऱ्याच जणांचे, कारभार एजंटांचा, असा तो मामला. मुंबईच्या कापड गिरण्यांत या पद्धतीने सुरुवातीला काय केलं ते पाहण्यासारखं आहे. एजंटाचं कमिशन नफ्यावर नव्हतं, तयार मालाच्या पौंडामागे पाव आणा असं होतं. साहजिकच सूत निघत राहिलं. ते खपो न खपो, गिरणी बुडो न बुडो. पुढे कंपनी कायद्याच्या १९३६च्या दुरुस्तीने कमिशन निव्वळ नफ्याशी बांधलं गेलं, तेव्हा एजंटांचं लक्ष चात्यावरून उठून निव्वळ नफ्याच्या व्याख्येकडे वळलं. घसारा आधी वजा करायचा की नंतर, हे मग केवळ हिशेबनिसाचं काम राहिलं नाही. १९७०च्या एप्रिलमध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली. तिची सवय मात्र गेली नाही : थोडं भांडवल घालून पूर्ण ताबा ठेवायचा, आणि ज्या आकड्यावर आपला मोबदला ठरतो तो आकडा आपणच मांडायचा.

साखरेकडे परत येतो, कारण आकडा कसा वाकतो हे इथे हाताने चाचपून बघता येतं. ३१ मार्चला हंगाम उलगडत आलेला असतो आणि गोदामं भरलेली असतात. समजा, शिल्लक साखर ५ लाख क्विंटल आहे. तिचं मूल्यांकन क्विंटलला १०० रुपयांनी वर धरलं तर नफा ५ कोटींनी वाढतो. खाली धरलं तर तेवढाच घटतो. एक पोतं इकडचं तिकडे झालेलं नसतं. नियम सांगतो की उत्पादन खर्च आणि मिळू शकणारी किंमत यांत जी कमी ती धरा. पण उत्पादन खर्च काढताना मळी आणि बगॅसची किंमत वजा करायची, ती किती? बंद हंगामातली दुरुस्ती यंदाच्या खर्चात टाकायची की यंत्राच्या किमतीत मिळवायची? कामगारांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद पूर्ण करायची की टिपणीत एक ओळ लिहून पुढे ढकलायची? प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन उत्तरं असतात आणि तीही कायद्यात बसणारी. बँकेकडून माल तारण कर्जाची मर्यादा वाढवून हवी असेल तर साखर महाग दिसणं सोयीचं. भाव द्यायचा नसेल, कर भरायचा नसेल, तर स्वस्त. खोट्या पावत्या फाडणं हा गुन्ह्याचा भाग झाला, त्याला पोलीस आहेत. या पुस्तकाचा मुख्य विषय त्याच्या अलीकडचा आहे : नियमांच्या आतच, मालकाच्या सोयीप्रमाणे केलेली निवड.

महाराष्ट्राने २०१३च्या कायद्याने ऊसदराला महसूल वाटपाचं सूत्र लावलं. रंगराजन समितीने आदल्या वर्षी सुचवलेलं : साखर आणि उपपदार्थांच्या महसुलातले ७० टक्के शेतकऱ्यांचे, किंवा नुसत्या साखरेच्या महसुलातले ७५ टक्के. कागदावर उत्तम. पण सूत्र आलं की महसुलाचा आकडा हाच भाव होतो, आणि तो आकडा कारखान्याच्या वहीत तयार होतो. मळी ज्या डिस्टिलरीला जाते ती कारखान्याचाच विभाग असेल तर एक गोष्ट. तीच डिस्टिलरी मालकाच्या घरातल्या वेगळ्या कंपनीच्या नावावर असेल, आणि मळी तिला पडत्या भावात विकली जात असेल, तर कारखान्याचा महसूल कमी, शेतकऱ्याचा वाटा कमी आणि कमाई डिस्टिलरीच्या बॅरलमध्ये. सहवीजनिर्मितीच्या प्रकल्पाला बगॅस विकतानाही हेच होऊ शकतं. सहकाराला याची बाधा नाही असं कुणी समजू नये. अध्यक्षांच्या नातेवाइकाची वाहतूक कंपनी हा आपल्याकडे परिचयाचा प्राणी आहे. फरक इतकाच, की खासगीत वळवलेला पैसा मालकाकडे जातो आणि सहकारात मालकाकडून जातो.

अर्थशास्त्रज्ञ या वाटेला बोगदा म्हणतात. मारियान बर्ट्रांड, पारस मेहता आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००२ साली भारतीय उद्योगसमूहांवर केलेला अभ्यास या विषयात जगभर दाखला म्हणून दिला जातो. ज्या कंपनीत प्रवर्तक कुटुंबाचा आर्थिक वाटा कमी, तिथला नफा ज्या कंपनीत वाटा जास्त तिकडे सरकतो, असं त्यांना आढळलं. आणि हे सरकणं मुख्य धंद्याच्या आकड्यांपेक्षा इतर उत्पन्न-खर्चाच्या रकान्यांतून जास्त होतं. त्याच वर्षी जोसेफ फॅन आणि टी. जे. वाँग यांनी पूर्व आशियातल्या कंपन्यांविषयी दाखवलं, की मतांचा ताबा आणि पैशाचा वाटा यांतलं अंतर वाढतं तसा बाजार त्या कंपनीच्या जाहीर नफ्यावर कमी विश्वास ठेवतो. म्हणजे अंतर हे मोजमाप आहे. कुटुंबाची मालकी वाईट किंवा चांगली, हा वाद मला निष्फळ वाटतो. कुटुंबाचा पैसा जिथे खरोखर अडकलेला आहे तिथे कित्येकदा हिशेब अधिक चोख असतात. नाव आणि घर दोन्ही पणाला लागलेलं असतं.

सत्यमचं उदाहरण या अंगाने क्वचितच सांगितलं जातं. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदातली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. चर्चा झाली ती आकड्याची आणि लेखापरीक्षकांची. मालकीची रेषा मागे राहिली. २००१च्या सुमारास प्रवर्तकांकडे कंपनीचे २५ टक्क्यांहून जास्त शेअर होते. उतरत उतरत ते ९ टक्क्यांच्याही खाली आले, आणि त्यातलेही तारण ठेवलेले. ज्याचे शेअर तारण आहेत त्याला भाव पडू देणं परवडत नाही, कारण भाव पडला की सावकार शेअर विकतो आणि कंपनी हातातून जाते. नफा फुगवण्याची तहान इथून येते. डिसेंबर २००८मध्ये कुटुंबाच्याच मेटास कंपन्या सत्यमने विकत घेण्याचा बेत झाला, तो ताळेबंदातलं भगदाड खऱ्या मालमत्तेने बुजवण्यासाठी होता. भागधारकांनी आरडाओरड केली आणि बेत त्याच रात्री गुंडाळावा लागला. त्यानंतर काही आठवड्यांतच सेबीने प्रवर्तकांचे तारण शेअर जाहीर करणं बंधनकारक केलं. नफ्याचा दर्जा पाहायचा असेल तर नफ्याच्या पानावर जाण्याआधी तारण शेअरांचा हा तक्ता पाहावा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

मग प्रवर्तकच नसला तर? मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातली आयएल अँड एफएस ही १९८७ साली स्थापन झालेली कंपनी या प्रश्नाचं उत्तर आहे. कुणा एका घराण्याची ती नव्हती. एलआयसीकडे सुमारे २५ टक्के, जपानच्या ओरिक्सकडे २३ टक्क्यांहून अधिक, शिवाय अबुधाबीचा सरकारी गुंतवणूक निधी, एचडीएफसी, स्टेट बँक, सेंट्रल बँक. पुस्तकी दृष्टीने याहून आदर्श भागधारक सापडणार नाहीत : मोठे, जाणते, हिशेब वाचता येणारे. २०१८च्या उन्हाळ्यापर्यंत पतमानांकन सर्वोच्च होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात देणी थकू लागली, समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज निघालं, उपकंपन्यांची संख्या तीनशेच्या वर गेलेली आढळली आणि १ ऑक्टोबरला सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून घेतलं. इतके मोठे मालक काय करत होते? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. एलआयसीच्या एकूण गुंतवणुकीत हा वाटा एवढा लहान, की त्यासाठी कुणी रात्र जागवावी असं नव्हतं. तो पैसा ज्यांचा होता त्या लाखो विमेदारांना आपण या कंपनीचे मालक आहोत याची गंधवार्ता नव्हती. व्यवस्थापन मग स्वतःच मालक झालं.

सहकारी बँकेत मालकी याहूनही पातळ होते, कारण शेअर कितीही असले तरी मत एकच. लोकशाही म्हणून हे थोर आहे. देखरेख म्हणून मात्र कुणालाच पुरेसं कारण उरत नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेने एचडीआयएल या एका बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली. बँकेच्या एकूण कर्जातला ७० टक्क्यांहून जास्त हिस्सा त्या एकाच समूहाकडे होता. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला काढता येत होते फक्त १,००० रुपये. कागदोपत्री मालक होते सभासद. बँकेचे आकडे कुणाच्या सोयीने लिहिले जात होते, ते मोठ्या कर्जदाराकडे पाहून कळतं. ताबा नेहमी शेअरमधूनच येतो असं नाही. कधी तो कर्जातूनही येतो.

आता हे सगळं तपासायला लेखापरीक्षक असतोच, असं वाचक म्हणेल. असतो. त्याला नेमतो कोण, हा पुढचा प्रश्न, आणि तोही मालकीचाच. कंपनीत नेमणूक भागधारकांची, पण नाव सुचवतं संचालक मंडळ, आणि मंडळावर वजन प्रवर्तकाचं. सहकारात ९७व्या घटनादुरुस्तीनंतर सर्वसाधारण सभा शासनमान्य नामिकेतून लेखापरीक्षक निवडते. नाव आधी कुठे पक्कं होतं ते सभेला बसणाऱ्याला माहीत असतं. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक वर्षांनी लेखापरीक्षक बदलण्याची सक्ती केली आणि २०१८मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आलं, याचा उपयोग झाला आहे. तरी लेखापरीक्षकाने मुदतीच्या मध्येच राजीनामा दिला तर त्याची बातमी नफ्याच्या बातमीपेक्षा मोठी समजावी.

या भागातल्या बायकांच्या बचत गटांचा उल्लेख अभ्यासकांना कदाचित खटकेल, पण या पुस्तकात त्यांना जागा आहे. बैठकीत पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात, मग वही मोठ्याने वाचली जाते : कुणाची बचत आली, कुणाचा हप्ता राहिला, व्याज किती झालं. लिहिता न येणारी बाईदेखील आपला आणि शेजारणीचा आकडा तोंडपाठ ठेवते, आणि वाचताना वीस रुपयांची चूक झाली की तिथल्या तिथे टोकते. हिशेब तपासण्याची ताकद आणि चुकीची झळ, दोन्ही इथे एकाच माणसाकडे आहेत. आयएल अँड एफएसच्या भागधारकांकडे ताकद होती, झळ नव्हती. पीएमसीच्या ठेवीदारांना झळ होती, ताकद नव्हती. गट मोठा झाला, प्रभागसंघ झाला, रक्कम बँकेतून फिरू लागली, की हीच बाई वहीपासून दूर जाते. तेव्हा काय होतं त्याचा शोध पुढे घेतला आहे.

प्रकरणांचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. सहकार आधी, खासगी आणि नोंदणीकृत कंपन्या मग, परदेशी सिद्धांत सर्वांत शेवटी. बर्ली आणि मीन्स यांच्या १९३२च्या पुस्तकापासून सुरुवात करणं अधिक विद्वत्तेचं दिसलं असतं. पण मालकी आणि ताबा वेगळे होतात हे नवापूरच्या पोराला अमेरिकेतल्या महामंडळांवरून कशाला शिकवायचं? त्याच्या आजोबांच्या नावावर कारखान्याचा शेअर आहे आणि कार्यालयात त्यांना खुर्चीही मिळत नाही, हे तो पाहत आलेला आहे.

वाचकाने शेजारी एक खरा वार्षिक अहवाल घेऊन बसावं; आपल्याच कारखान्याचा किंवा पतसंस्थेचा असेल तर उत्तम. अध्यक्षांचं मनोगत सोडून द्यावं. आधी भागभांडवलाचं पान, मग संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टिपणी, मग लेखापरीक्षकाचे शेरे आणि त्यावरचा दोष-दुरुस्ती अहवाल. मळी कुणाला, कोणत्या भावाने, निविदा काढून की न काढता विकली, हे त्यात बहुधा सापडणार नाही. तो प्रश्न सभेच्या आठवडाभर आधी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. सभेत ऐनवेळी उठून विचारला तर तो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांत' जातो, आणि त्या विषयाची पाळी येईपर्यंत माइकवाल्याने वायरी गुंडाळायला घेतलेल्या असतात.

चिंचपाडा, ता. नवापूर, जि. नंदुरबार